त्या टायरवरचा हात

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, अम्मीला नाही, दुकानात रोज बसून चहा पिणाऱ्या दोस्तांनाही नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका माणसाला सांगितलं — ज्याचं मी वाईट केलं त्याला. आता तुम्हाला सांगतो.

आधीच एक बजावून ठेवतो. यात कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या. माझा मेहुणा हसतोच — चाळिशी उलटली आणि हा अजून गाड्या-गाड्या खेळतो म्हणून. हसू दे. खेळतो त्याची मला लाज वाटत नाही, कधी वाटणारही नाही. लाज वाटायची ती गोष्ट वेगळी आहे. आणि ती एका खेळापायी घडली म्हणून लहान होते, असं मला कुणी सांगू नये.

माझं नाव इरफान. देहूरोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अब्बा लष्कराच्या डेपोत फिटर होते. रस्त्यानं लष्कराचे ट्रक जायचे आणि मी दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून ओळखायचो — हा भरलेला, हा रिकामा. ते वेड गेलंच नाही. मोठेपणी मॉन्स्टर ट्रकच्या खेळात जाऊन बसलं. पाहिलाय का कधी मॉन्स्टर ट्रक? पिकअपसारखी गाडी, पण टायर माणसाएवढे उंच. मातीच्या ढिगाऱ्यावरून उडते, जुन्या मोटारी चेंगरते, हवेत गिरकी घेते. परदेशात मैदानं भरून लोक बघायला येतात. आपल्याकडं कुठं? आम्ही तो खेळातच चालवायचा.

मी एक ग्रुप काढला — ‘मॉन्स्टर मावळे’. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, सगळीकडची माणसं आली. कुणी कंपनीत वेल्डर, कुणी शाळेत शिक्षिका. या खेळात आपला ट्रक आपण बनवून टाकता येतो, वजनापासून आवाजापर्यंत. आणि आमच्या ग्रुपचा धर्म एकच — खरेपणा. ट्रक उडी मारून आपटला की टायर किती दबला पाहिजे, पुन्हा किती उसळला पाहिजे, इंजिनाचा आवाज आधी फुटतो की माती आधी उडते, यावर आमची आठ-आठ दिवस भांडणं चालायची. रंगरंगोटीला कुणी विचारायचं नाही. खरं वाटतंय का — एवढंच.

आता गंमत बघा. यातल्या एकानंही खरा मॉन्स्टर ट्रक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

एक मी सोडून — असं सगळे समजत होते. कारण मी तसं सांगितलं होतं. बहिणीच्या बाळंतपणाला अकरा दिवस आखातात गेलो होतो, हे खरं. तिथल्या एका मॉलच्या भिंतीवर मॉन्स्टर ट्रकच्या शोचं पोस्टर होतं, हेही खरं. शो मी पोचायच्या आधीच होऊन गेला होता. परत आल्यावर ग्रुपवर लिहिलं, पाहून आलो. का लिहिलं? एका वेल्डरनं माझ्या ट्रकला ‘खेळणं’ म्हटलं होतं, एवढ्यावरून. मग लोक विचारत गेले आणि मी सांगत गेलो. काळ्या धुरानं मैदान कसं भरलं, डिझेलचा वास दोन दिवस अंगातून कसा गेला नाही, जवळ जाऊन टायरला हात कसा लावला. ती एक ओळ लिहिली आणि मी त्या ग्रुपचा न्यायाधीश झालो. कुणीही नवा ट्रक बनवला की आधी माझ्याकडं यायचा. मी ‘खरा’ म्हटलं तर खरा. सहा वर्षं हे असं चाललं. आणि खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडत होतं.

मग श्रीपतीआबा आले.

सुदुंबऱ्याचे. साठी ओलांडलेली, बायको वारलेली. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला, त्यावर हे खेळायला लागले. स्वतःच्या खऱ्या नावानं आले, पहिल्याच दिवशी स्वतःची ही सगळी हकिगत लिहिली. आम्ही सगळे टोपणनावानं वावरायचो, मीसुद्धा. आबा बोलतात तसंच लिहायचे. त्यांचे ट्रक दिसायला ओबडधोबड असायचे, पण चालायचे असे की मी रात्री उशिरापर्यंत बसून तीच उडी माझ्या ट्रकनं मारून बघायचो. उडीनंतर जमिनीवर टेकताना त्यांचा ट्रक जसा अंग टाकायचा, तसा माझा सहा वर्षांत एकदाही टेकला नव्हता. लोक त्यांना विचारायला लागले. मला नाही — त्यांना.

एका रविवारी दुपारी माझ्या त्या आखाताच्या गोष्टीखाली त्यांनी लिहिलं — ‘दादा, धूर न्हाई हो निगत त्याला. दारूवानी वासाचं तेल असतंय. डोळं चुरचुरत्यात, पानी येतं. मी तितं लोडरवर हुतो, शोची माती आमीच टाकायचो. तुमी कुटल्या बाजूला बसलावता?’

भांडण नव्हतं हे. तुम्ही वाचा पुन्हा. म्हातारा माणूस आनंदानं विचारत होता — आपण दोघं एकाच ठिकाणी होतो का, म्हणून. पण वाचताक्षणी मला कळलं होतं की हा माणूस खरं बोलतोय. ज्यानं पाहिलंय तो वासाबद्दल असंच बोलतो.

मी काय लिहिलं? लिहिलं — ‘आबा, दारू ट्रक प्यायला होता की तुम्ही?’

शंभर हसरे चेहरे आले खाली. आबांनी लिहिलं, ‘माळकरी हाय मी. दारूला शिवलो न्हाई कदी.’ त्यावर आणखी हसले. मी थांबवायला हवं होतं ना? एका शब्दात थांबलं असतं. मी आगीत तेल ओतलं. सुदुंबऱ्यात बसून आखाताच्या गप्पा मारू नयेत, असं लिहिलं. पुरावा मागितला. फोटो असेल तर टाका, म्हणालो. ‘हाय फोटू, पोरीला इचारून टाकतो,’ असं त्यांचं उत्तर आलं — आणि तो फोटो येईल या भीतीनं मी त्यांना तिथल्या तिथं ग्रुपमधून काढून टाकलं. लोकांना सांगितलं, असल्या थापाड्यांमुळं ग्रुपचा खरेपणा जातो.

खरेपणा! तो शब्द मी वापरला.

मग शोधून वाचलं. आबांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. ते ट्रक मिथेनॉलवर चालतात, त्याला धूर नसतो, डोळे झोंबतात. मी माझी गोष्ट गुपचूप बदलली, धूर काढला, डोळ्यांतलं पाणी घातलं. माझ्या ट्रकमागं हवा नुसती थरथरेल असं केलं. लोकांनी वाहवा केली. एवढ्यावर थांबलो असतो तर हे कदाचित लिहिलंही नसतं. थांबलो नाही.

दोन महिन्यांनी एक म्हातारा दुकानात आला. खताच्या रिकाम्या गोणीत कॉम्प्युटर, गोणी खांद्यावर, बेगडेवाडी स्टेशनावरून लोकलनं आलेला. डाव्या हाताचं तिसरं बोट अर्धंच — लहानपणी कडबाकुट्टीत गेलेलं. पावतीवर लिहायला नाव विचारलं. “श्रीपती, सुदुंबऱ्याचा,” त्यांनी सांगितलं आणि माझं पेन थांबलं.

मला ते ओळखत नव्हते. कसे ओळखतील? ग्रुपवर माझं ना नाव होतं ना चेहरा.

“इकून टाकायचाय,” ते म्हणाले. “त्यातला खेळ काढून टाका. आन फोटू हायती थोडं, तेवढं काढून द्या.”

मी विचारलं — कशाला विचारलं कोण जाणे — “खेळ आवडत नाही का आबा?”

“आवडायचा लय. पर माणसं बरी न्हाईत तितली.”

एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले. मी कॉम्प्युटर जोडला, खेळ काढला, त्यांचे सगळे ट्रक पुसले. मग फोटो बघितले. मुलीचं लग्न, बैल, शेतातली विहीर. आणि एक तो. मैदान, मागं मॉन्स्टर ट्रकचा भला मोठा टायर, टायरसमोर पिवळ्या जाकिटातले दोघं जण. एक आबा, वीसेक वर्षांपूर्वीचे, डावा हात लांब करून टायरवर टेकलेला. दुसरा एक तरुण, टोपी मागं सरकवलेला, तोंडभर हसणारा.

सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून दिले. आणि त्या एका फोटोची प्रत माझ्याकडं ठेवली. त्यांना न सांगता.

त्याच संध्याकाळी मी तो कापला. आबा गेले, तो तरुण गेला. उरला टायर आणि त्यावर टेकलेला एक हात. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — जुन्या फोनमध्ये सापडला. माझा हात.

घ्या. सांगितलं.

पण हेही सगळं नाही. फोटोचा असा गवगवा झाला की हिवाळ्यात लोणावळ्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये आमचा पहिला मेळावा भरला आणि पोरांनी त्याच फोटोचं बॅनर केलं. भिंतभर. तेवढ्या मोठ्या हातावर अर्धं बोट किती स्पष्ट दिसतं ठाऊक आहे? मी दारातच थबकलो. मानसी म्हणून एक मेंबर आहे, खंडाळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला असते, ट्रकचे आवाज तिच्याइतके चांगले कुणी करत नाही. तिनं बॅनर बघितलं, चहाचा कप धरलेला माझा हात बघितला.

“दादा, हे बोट?”

“दुमडलं होतं,” मी म्हणालो.

ती “बरं” म्हणाली. आणखी तिघं-चौघं ऐकत होते. नंतर त्यांनी मला शाल घातली आणि मी ती घेतली. त्या बॅनरखाली उभं राहून खरेपणावर भाषणही केलं. चांगलं झालं भाषण.

त्यानंतर काही महिन्यांनी आबा पुन्हा दुकानात आले. या वेळी रिकाम्या हातानं. पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात राहिली होती, धुण्यात गेली. कॉम्प्युटर तर केव्हाच विकलेला. मुलीकडचे फोटोही तिच्या हरवलेल्या फोनबरोबर गेलेले.

“तुमच्याकडं ऱ्हायलं असतील का वो कुटं? बाकीचं नसलं तरी चालंल. येकच पायजे. मी आन दत्तू, ट्रकापाशी.”

दत्तू म्हणजे तो हसणारा तरुण. आबांच्या शेजारच्या घरातला. दोघं बरोबर आखातात गेले, एकाच लोडरवर पाळीपाळीनं काम केलं. दत्तू तिथंच ऊन लागून गेला. तिथला त्याचा हा एकच फोटो. त्याची आई आता अंथरुणाला खिळली होती, आबा सांगत होते. पूर्वी कधी तिनं फोटो मागितला नव्हता — बघवणार नाही म्हणायची. आता मागत होती. रोज मागत होती. “म्हनती, पोरगं परदेशात कसं दिसत हुतं त्ये येकदा दाव.”

फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉप आमच्या दोघांच्या मधे, काउंटरवर उघडा होता. चार बटणं दाबायची होती.

काय अडलं होतं? सांगू शकलो असतो की चुकून राहिला माझ्याकडं. त्यांनी आनंदानं मान्य केलं असतं. पण मी हिशेब केला. पूर्ण फोटो बाहेर गेला, कुणाच्या फोनवर गेला, फिरत फिरत ग्रुपवर आला तर? म्हणजे एका बाजूला अंथरुणावरची आई होती आणि एका बाजूला माझी शाल. विचार करायला मला वेळ लागला असेल असं वाटतं का तुम्हाला? नाही लागला.

“नाही हो आबा,” मी म्हणालो. “आम्ही गिऱ्हाइकाचं काही ठेवत नाही.”

“असू द्या. तुमचा काय दोस त्यात,” ते म्हणाले, आणि मी दिलेला चहा पिऊन गेले.

पुढचे सात-आठ महिने मी जेवलो, झोपलो, दुकान चालवलं, ट्रक पास-नापास केले. मनाला टोचणी लागली होती, झोप उडाली होती, वगैरे मी लिहिणार नाही. तसं झालं नाही. वाईट केलेल्या माणसालाही चांगली झोप लागते.

मग मानसीचा मेसेज आला. खेळात एक नवं मैदान बनवून ते मला अर्पण करायचं ठरलं होतं. दाराशी माझा फोटो लावायचा होता, तिला मूळ फाइल पाहिजे होती. तेवढाच भाग मोठा कापून द्यायला म्हणून मी पूर्ण फोटो पुन्हा उघडला. आणि या वेळी मी दत्तूकडं पाहिलं. आधी पाहिलंच नव्हतं — तो नुसता कापायचा भाग होता. ओठांवर नुकती मिसरूड. टोपी मागं. आपण कुठं येऊन पोचलोय याचंच त्याला हसू येत होतं. ज्या गोष्टीची मी सात-आठ वर्षं खोटी बढाई मारली, ती त्याच्यासाठी नुसती एका दिवसाची मजुरी होती, आणि तरी तो किती खूश होता!

मी मोठी प्रत छापून घेतली, पाकिटात घातली आणि दुकान बंद करून सुदुंबऱ्याला गेलो. भर दुपार होती. आबा दारासमोर कांद्याची पात कापत बसले होते. उभ्या उभ्या सांगितलं. ग्रुपवर दारूचं कोण बोललं ते, कुणी काढून टाकलं ते. फोटो चोरला ते. हात माझा म्हणालो ते. आणि शेवटी — तुम्ही मागायला आलात तेव्हा तो समोर होता, ते.

आबांनी विळा खाली ठेवला. मग विचारलं, “नाव लिवतानाच वळखलंवतं मला?”

“हो.”

“आन म्हातारीचं सांगितलं तवा फोटू तुमच्यापाशी हुता?”

“तेव्हाही होता.”

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. बघितलं. स्वतःकडं नाही, ट्रककडंही नाही.

“पाडव्याला गेली ती,” म्हणाले. “चार दीस आदी मी तिला हातानं करून दावलं. असा हुबा हुता, म्हनलं. टोपी अशी.” त्यांनी हात डोक्यामागं नेला आणि तिथंच थांबवला. “आता ह्यो घिऊन कुनाला दावू मी?”



ते आत गेले. बाहेर आले तेव्हा फोटो हातात नव्हता. रिकामं पाकीट माझ्याकडं दिलं. “जावा,” म्हणाले, आणि पुन्हा पात कापायला बसले.

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, पूर्ण फोटो सोडून. तो आता माझ्याकडं नाही. लॅपटॉपमधूनही पुसून टाकला. खाली उत्तरं आली ती वाचून मला संताप आला. ‘दादा, कबूल करायला छाती लागते.’ ‘चुकत नाही तो माणूस कसला.’ एकानं लिहिलं, ‘तुम्ही प्रत ठेवली म्हणून तर फोटो वाचला!’ मी त्याला तिथंच सांगितलं — असलं बोलायचं नाही. चोरानं ठेवून घेतलेली वस्तू नंतर सापडली म्हणून चोर राखणदार होत नाही. मानसीनं एकच ओळ लिहिली, ‘मला लोणावळ्यातच कळलं होतं, मी गप्प बसले, तेवढा दोष माझा.’ तेवढी एक ओळ मला सरळ वाटली. ग्रुप तिच्या हवाली केला आणि बाहेर पडलो. आबांना परत बोलवायचं म्हणून ग्रुपवाल्यांनी निरोप पाठवला होता, असं ऐकतो. आबा आले नाहीत.

खेळ मी सोडलेला नाही. प्रायश्चित्त म्हणून सोडायला हवा होता, असं मेहुणा म्हणतो — हो, आता त्यालाही कळलंय. का सोडू? खेळानं काय केलं? खेळात वजन चुकलं की ट्रक उलटतो, कुणाच्याही नावाला भीक घालत नाही. खोटा ट्रक नव्हता. मी होतो. अजून चालवतो, एकटा, कुणाला न दाखवता, आणि अजूनही तो जमिनीवर टेकताना आबांच्या ट्रकसारखा टेकत नाही.

सुदुंबऱ्यात त्या दिवशी मी माफी मागितली नाही. मुद्दामच नाही. मागितली असती तर त्यांना आणखी काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि त्यांच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलेलं आहे. तुमच्याकडंही मागत नाही.